पूर ओसरल्यावर पतसंस्थेला हात कोण देणार?

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सीनाकाठच्या एका गावात गेले होते. लहान पतसंस्थांचे हिशेब तपासणं हे माझं काम. त्या दिवशी तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पतसंस्थेच्या गच्चीवर खतावण्या उघड्या करून वाळत घातल्या होत्या, दर दोन पानांत वर्तमानपत्राचा एक तुकडा. कर्जरोख्यांच्या फायलींना चिखलाचा वास. कॉम्प्युटरचा डबा पाण्यात गेला होता, पण बॅकअप सोलापुरात सॉफ्टवेअरवाल्याकडे होता म्हणून शिलकी वाचल्या. सचिव भिंतीला टेकून एकेक पान सोडवत होते आणि जिन्यात सभासद येऊन उभे राहत होते.

त्यातली एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन आली. आतल्या आकड्यांची शाई पसरून निळं पाणी झालेलं. तिच्या दोन म्हशी गोठ्यासकट गेल्या होत्या. "दादा, म्हशीला कर्ज मिळंल का?" तिने विचारलं. सचिव तिला दहा वर्षं ओळखत होते. हप्ता कधी चुकला नाही, बचतगटाचं पुस्तक तीच लिहिते, हे त्यांना पाठ होतं. तरी ते म्हणाले, "मिळंल की ताई, पर जरा थांबावं लागंल."

थांबावं का लागणार होतं, ते समजून घेतलं की आपत्तीनंतर धर्मादाय फाउंडेशनने आपला पैसा पतसंस्थेत का ठेवावा, हा सगळा विषय उलगडतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सीनेला आलेलं पाणी आपण सोलापूरकरांनी पाहिलं आहे. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्गावर पाणी आलं, विजयपूरचा रस्ता बंद पडला. वर्षातले कितीतरी महिने कोरड्या पात्रातून चालत जाता येतं ती ही नदी. पुढे सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये, खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि मनरेगातून ३ लाखांपर्यंतची कामं. ही मदत गरजेचीच होती. पण चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते, आणि पंचनामा, ई-केवायसी, यादी, खात्यावर जमा या वाटेने पैसा यायला दिवस लागतात. मधल्या दिवसांत दूध बंद म्हणजे डेअरीचा दहा दिवसांचा पगार बंद. पाण्यातली मोटार भरून आणायची, पाइपलाइन जोडायची, रब्बीची ज्वारी पेरायची वेळ निघून चाललेली. ही मधली फट भरते ती उधारी. ती कुठून मिळते यावर त्या घराची पुढची पाच वर्षं ठरतात.

आता पतसंस्थेचं कोडं. पतसंस्था म्हणजे गावाने गावाला दिलेला पैसा. पिग्मी एजंट रोज पानटपरीवर, किराणा दुकानात, डेअरीवर जाऊन पन्नास-शंभर गोळा करतो. त्या ठेवींतून शेजाऱ्याला कर्ज मिळतं आणि शेजाऱ्याच्या हप्त्यातून ठेवीदाराचं व्याज निघतं. एरवी हे चाक छान फिरतं. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं आजारपण, कुणाची विहीर आटली, तर एकाची अडचण दुसऱ्याच्या बचतीतून भागते. पूर मात्र सगळ्यांच्या घरात एकाच रात्री शिरतो. मग पतसंस्थेवर तीन गोष्टी एकदम कोसळतात. ठेवीदार पैसे काढायला येतात, कारण त्यांच्या घरात धान्य उरलेलं नसतं. कर्जदारांचे हप्ते थांबतात, कारण पीक गेलेलं असतं. आणि नवं कर्ज मागणाऱ्यांची रांग एरवीच्या कितीतरी पट होते. तिजोरीतून दोन्ही बाजूंनी पैसा बाहेर जायला लागतो, आत येणारा बंद होतो.

सचिवांनी त्या ताईंना थांबायला सांगितलं ते यामुळे. पतसंस्था खोटी नव्हती, चालवणारे चोर नव्हते. सगळे एकमेकांना ओळखतात हे तिचं बळ. पण सगळे एकाच नदीच्या काठावर राहतात, आणि तिथे हेच बळ कमी पडतं. अशा वेळी पैसा यावा लागतो तो पूर न आलेल्या ठिकाणाहून.

या जागी फाउंडेशनचा विषय येतो. मोठ्या धर्मादाय संस्थेकडे दोन प्रकारचा पैसा असतो. एक दरवर्षी वाटायचा, दुसरा कायम जपून ठेवायचा, ज्याला आपण कॉर्पस म्हणतो. अमेरिकेत खासगी फाउंडेशनांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम धर्मादाय कामासाठी खर्च करावी लागते. उरलेले ९५ टक्के शेअर बाजारात, रोख्यांत वाढत राहतात. संकट आलं की सगळ्यांचं लक्ष त्या ५ टक्क्यांवर असतं: चेक किती रुपयांचा, किट किती वाटले. पण ९५ टक्क्यांतला एक तुकडा पूरग्रस्त भागातल्या क्रेडिट युनियनमध्ये काही वर्षांसाठी ठेव म्हणून ठेवला तर? क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीची, एक सभासद एक मत असलेली, आपल्या पतसंस्थेची बहीणच. तिला बाहेरून रोकड मिळते, ती ओळखीच्या माणसांना कर्ज देते, मुदत संपली की मुद्दल फाउंडेशनला परत. दान दिलेला रुपया एकदाच कामाला येतो, ठेवलेला रुपया परत येऊन पुढच्या गावाला जातो.

अशा गुंतवणुकीला तिकडे 'प्रोग्राम रिलेटेड इन्व्हेस्टमेंट' म्हणतात. फोर्ड फाउंडेशनने १९६८ मध्ये ही वाट धरली आणि १९६९ च्या अमेरिकी कर कायद्याने तिला जागा करून दिली. अट अशी की गुंतवणुकीचा मुख्य हेतू धर्मादाय असावा, नफा हा नसावा. आणि अशी रक्कम, पुढे परत येणार असली तरी, त्या सक्तीच्या ५ टक्क्यांत धरता येते. शिवाय कमी उत्पन्नाच्या लोकांना सेवा देणाऱ्या क्रेडिट युनियनांना सभासद नसलेल्यांकडूनही ठेवी घेण्याची मुभा आहे. म्हणजे दूरच्या शहरातलं फाउंडेशन छोट्या गावातल्या क्रेडिट युनियनमध्ये ठेव ठेवू शकतं, आणि त्या ठेवीला अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा असतो.

त्याहून मोठी रक्कम द्यायची तर आणखी एक प्रकार आहे, दुय्यम भांडवल (२०२२ पासूनच्या नव्या व्यवहारांना तिकडे दुय्यम कर्ज म्हणतात). ही विमा नसलेली, किमान पाच वर्षांची रक्कम असते आणि तोटा संस्थेच्या राखीव निधीत भागला नाही, तर ठेवींना हात लागण्याआधी तो तिच्यातून भरला जातो. ठेव आणि दुय्यम भांडवल यांतला फरक मी शिकाऊ मुलांना असा सांगते: ठेव म्हणजे पाहुण्याने तुमच्या घरी ठेवलेली पेटी, ती जशीच्या तशी परत द्यायची. दुय्यम भांडवल म्हणजे घराच्या भिंतीत घातलेले दगड. पाणी आलं तर पेटीच्या आधी ते झिजणार, हे देणाऱ्याला माहीत असतं.

प्रत्यक्षात हे कुठे दिसलं? ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मिसिसिपी-लुइझियाना भागात 'होप' या क्रेडिट युनियनने काम वाढवलं. १९९५ साली जॅक्सन शहरातल्या एका चर्चच्या आधाराने ती सुरू झाली होती. तिच्या वाढीत बाहेरच्या ठेवींचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये नेटफ्लिक्सने तिथे १ कोटी डॉलर ठेवले. त्या ठेवीचा हेतू आपत्ती नव्हता, कृष्णवर्णीय वस्त्यांपर्यंत भांडवल पोचवणं हा होता. पण वाट तीच.

मला जास्त भावतं ते प्वेर्तो रिकोचं उदाहरण. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं आणि वीज काही ठिकाणी महिनोन्‌महिने आली नाही. वीज नाही म्हणजे कार्ड नाही, एटीएम नाही. सगळा बाजार रोकडीवर आला. तिथल्या 'कोऑपेरातिवा', म्हणजे गावोगावच्या पतसंस्था, जनरेटर लावून उघडल्या आणि ओळखीच्या माणसांच्या हातात रोख ठेवू लागल्या. पुढे याच संस्थांनी घरावरच्या सौरपॅनेलला कर्जं दिली आणि बाहेरून भांडवल आणायला 'इन्क्लुसिव्ह' या क्रेडिट युनियनांच्या जाळ्याने त्यांना मदत केली. ओळख स्थानिक आणि पैसा बाहेरचा, हीच ती जोडी.

खरं तर ही जोडी क्रेडिट युनियनच्या जन्मातच आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या वायरबुश गावात उपासमार पडली. तिथला तरुण महापौर फ्रीडरिश राइफआयझन याने सधन लोकांकडून पैसे गोळा करून गरिबांना उधारीवर पाव मिळेल अशी सोय केली. पुढे १८६४ मध्ये त्याने हेडेसडॉर्फला सभासदांच्या स्वमदतीवर चालणारी कर्जसंस्था काढली, कारण नुसत्या दानाचा उत्साह टिकत नाही हे तोवर त्याला कळलं होतं. आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतपुरवठा संस्थांचा कायदा आला तो याच विचाराचं बोट धरून. त्याआधीची आपली गोष्ट तर अंगावर येणारी आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, लगोलग १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ज्या चार जिल्ह्यांना कर्जापासून संरक्षण दिलं त्यात पुणे, सातारा, नगर यांच्याबरोबर सोलापूर होतं. आपत्तीनंतरची उधारी हा आपल्या जिल्ह्याचा जुना प्रश्न आहे.

आता आकड्यांनी बघू. हे उदाहरण मी समजावण्यासाठी बनवलं आहे, कुठल्याही संस्थेचं नाही. समजा, पतसंस्था एरवी ९ टक्क्यांनी ठेव घेते आणि १४ टक्क्यांनी कर्ज देते. मधल्या ५ टक्क्यांत पगार, भाडं, बुडीत कर्जाची तरतूद भागते. एका ट्रस्टने १ कोटी रुपये पाच वर्षांसाठी ३ टक्क्यांनी ठेवले. आता तेच ५ टक्के धरून पतसंस्था ८ टक्क्यांनी कर्ज देऊ शकते. २० लाख हातात रोख ठेवून ८० लाख वाटले तर ८०,००० रुपयांची १०० कर्जं होतात. त्या ताईंना वर्षाला ६,४०० रुपये व्याज. हेच ८०,००० तिने खासगी सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने उचलले असते, तर वर्षाचं व्याज २८,८००. म्हशीच्या दुधाचा नफा तिथेच संपला असता.

ट्रस्टच्या बाजूने बघा. हाच पैसा मोठ्या बँकेत ७ टक्क्यांनी राहिला असता तर वर्षाला ७ लाख आले असते. इथे ३ लाख येतात. ४ लाखांचा फरक, पाच वर्षांत २० लाख. म्हणजे २० लाखांच्या खऱ्याखुऱ्या त्यागावर १ कोटीचं चाक फिरलं आणि मुद्दल परत आलं. आलं तर. ही 'तर'ची जोखीम कुणाची, हे पहिल्या दिवशी कागदावर नसेल तर पुढे भांडणं होतात. म्हणून ठेवीसोबत एक छोटा बुडीत निधी वेगळा ठेवावा. वरच्या उदाहरणात १५ लाखांचा. शंभरातले पंधरा जण काहीच फेडू शकले नाहीत तरी १२ लाख जातात आणि निधी ते सोसतो. असा निधी असला की सचिवाची छाती होते. त्याशिवाय तो ज्याच्याकडे सातबारा आणि दोन जामीनदार आहेत त्यालाच कर्ज देणार आणि खंडाने शेती करणारा पुन्हा बाहेरच राहणार.

माझ्या मते यात व्याजाच्या सवलतीहून मोलाची गोष्ट मुदत आहे. चिखल झालेल्या रानात पहिलं पीक हातात यायला आठ-दहा महिने. खरवडलेल्या जमिनीत गाळ भरून ती पुन्हा पिकायला दोन-तीन वर्षं. पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात मागितला तर ते कर्ज हप्त्यासाठी नवं कर्ज काढायला लावतं. पतसंस्था स्वतःहून वर्षभर थांबू शकत नाही, कारण तिच्या ठेवी एक-दोन वर्षांच्या असतात. ठेवीदार दारात येणार. फाउंडेशन थांबू शकतं, त्याच्या दारात कुणी येत नाही. म्हणून फाउंडेशनने तीन महिन्यांची ठेव ठेवून फोटो काढून घेऊ नयेत. पाच वर्षं द्यावीत, मध्ये मोडणार नाही असं लिहून द्यावं.

बँकांना या बाबतीत एक आधार आहे. नैसर्गिक आपत्तीत पिकाचं मोठं नुकसान झालं असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करण्याची रिझर्व्ह बँकेची चौकट त्यांना लागू होते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली नाहीत, त्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली आणि सहकार खात्याच्या देखरेखीत चालतात. त्यामुळे पुराच्या वर्षात वाढलेली थकबाकी त्यांना आपल्याच ताळेबंदावर झेलावी लागते.

आणि आता ते अवघड वळण, जे न सांगता हा लेख लिहिणं मला प्रामाणिक वाटलं नसतं. अमेरिकेतलं जसंच्या तसं इथे करता येत नाही. आपल्या आयकर कायद्यात धर्मादाय ट्रस्टने पैसा कुठे गुंतवावा याची यादी आहे: सरकारी रोखे, पोस्ट, शेड्यूल्ड बँका, बँकिंग करणाऱ्या सहकारी संस्था वगैरे. गावची पतसंस्था बँक नव्हे. यादीबाहेर पैसा ठेवला तर ट्रस्टची करसवलत धोक्यात येते. शिवाय राज्यातल्या ट्रस्टांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आणि धर्मादाय आयुक्त आहेतच. आणि विम्याचा प्रश्न. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा छोट्या ठेवीदारांना तोच आधार होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हे विमाकवच नाही. पतसंस्था बुडाल्यावर म्हाताऱ्या माणसांनी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून काढलेले दिवस मी पाहिले आहेत. कुठल्याही ट्रस्टीने डोळे मिटून पैसे ठेवावेत असं मी म्हणणार नाही.

मग इथे वाट कोणती? पहिली, पतसंस्थेऐवजी सहकारी बँक. ती यादीत बसते का हे सीएकडून तपासून घ्यायचं आणि बँकेशी पूरग्रस्त सभासदांच्या कर्जाचा लेखी करार करायचा. शेजारी माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये परवाना मिळालेली माणदेशी महिला सहकारी बँक आहे आणि तिच्या जोडीला माणदेशी फाउंडेशन. बायकांच्या बचतीचं काम बँकेचं; २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावणी चालवली ती फाउंडेशनने. कर्जाचा पैसा एका हातात, मदतीचा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात एकाच माणसाला ओळखणारे. अशी रचना आधीपासून असेल तर आपत्तीत वेळ जात नाही.

दुसरी वाट बचतगटांची. ग्रामीण बचतगटांच्या उमेद या सरकारी अभियानात गावपातळीवर ग्रामसंघ, म्हणजे गटांचे मिळून संघ, असतात आणि अडचणीतल्या घरासाठी जोखीम निधीची तरतूद त्यांच्याकडे असते. ट्रस्टने अशा महिला संघाला अनुदान द्यायचं आणि संघाने ते फिरतं ठेवायचं. ट्रस्टच्या वहीत ते दान, गावाच्या वहीत ती ठेव. मुद्दल ट्रस्टला परत येत नाही, पण गावात राहतं. पुढच्या पुराच्या दुसऱ्या दिवशी पैसा गावातच असणं, ही मला मोठी गोष्ट वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने बायकांना घरबांधणीच्या कामात उभं केलं आणि पुढे त्याच बायकांच्या बचतगटांतून उधारीची व्यवस्था वाढली. आपल्या हाकेच्या अंतरावर झालेलं हे काम आहे.

काही घरांना मात्र कर्ज देऊच नये. कमावता माणूस वाहून गेला, जमीन नाही, मजुरी बंद आहे, अशा घराला ८ टक्क्यांनी काय, शून्य टक्क्याने कर्ज देणं म्हणजे त्यांच्या दारात दुसरा पूर सोडणं. तिथे दानच हवं. फाउंडेशनने गुंतवणुकीच्या उत्साहात दानाचा हात आखडता घेतला तर ते अन्यायाचं होईल. कुणाला दान आणि कुणाला कर्ज, हे मुंबईत बसून ठरत नाही. त्यासाठी पिग्मी एजंट लागतो.

ठेव ठेवण्याआधी ट्रस्टींनी काय बघावं, असं मला विचारतात. लेखापरीक्षणाचा वर्ग बघा, पण तीन वर्षांचा, एकाच वर्षाचा नको. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं किती ते विचारा; उत्तर द्यायला वेळ लागला तर उठून या. थकबाकी पुराच्या आधी किती होती ते बघा, कारण पुराच्या नावाखाली जुनी घाण धुऊन काढायचा मोह मोठा असतो. आणि एक दिवस काउंटरच्या या बाजूला, सभासदांच्या बाकावर बसा.

त्या दिवशी मी तसंच बसले होते. दुपारी पिग्मी एजंट आला. मशीन गळ्यात, पण आठवडाभर त्याने एक रुपया गोळा केला नव्हता. तो घरोघरी फिरून फक्त विचारून येत होता. त्याच्या शाळेच्या वहीत पेन्सिलीने रकाने पाडलेले होते: नाव, काय गेलं, काय लागणार, किती महिने थांबावं लागेल. म्हशीच्या ताईंच्या नावापुढे त्याने लिहिलं होतं, 'गोठा हाय तसा उभा करतील दीर. म्हस एकच घ्या म्हणालो. हप्ता गुढीपाडव्यापास्नं.' सचिवांनी ती वही वाळत घातलेल्या खतावणीशेजारी ठेवली आणि वाऱ्याने पान उलटू नये म्हणून वर एक दगड ठेवला.